दस्त्याची खांदमळण

जलील : तौबा, तौबा! रत्नम्मा भाभी, हे काय करून आणलं? बंदुकीच्या कोऱ्या दस्त्याला हळद?

रत्नम्मा : नुसती हळद न्हाई, तेल बी हाय. पोळ्याच्या आदल्या दिशी बैलांची खांदमळण केली. म्हनलं, बैलाच्या खांद्यावर जू येतंय, माझ्या खांद्यावर ही बंदूक येनार. मग हिला कशाला उपाशी ठेवायचं? कोमट तेलात हळद कालवली आन् चांगली चोळली, पाची बोटांनी.

जलील : दिसून राहिलं ना! पाचीच्या पाची दिसून राहिली. अवो, दस्ता घरी कशाला दिल्ता मी? आठ दिवस खांद्याला लावून बघा, कुठं टोचलं तर सांगा, एवढंच म्हनलो होतो. रंग न्हाई, रोगण न्हाई, नुसतं घासलेलं बाभळीचं लाकूड. आसं कोरं लाकूड जे लावाल ते पिऊन बसतं.

बसवराज : मी सांगत होतो काकूला. ऐकतच नाही.

रत्नम्मा : कवा सांगितलास रे? पोळ्याला तू लातुरात, क्लासवर. बैल मारुतीला मीच फिरवले. आता मोटारसायकलवर मागं बसवून आणलास, तेवढंच तुझं पुण्य.

जलील : अरे, हे सर तुमचे पुतणे? बाकड्याचे सर! तुमची चाळीस बाकडी तयार हायत, सर. घेऊन जावा, दुकानात पाय ठेवायला जागा न्हाई. माझ्या बापाच्या वक्ताला या भिंतीला बंदुका टेकलेल्या असायच्या. आता बाकडीच बाकडी. लातूरला जो उठतो तो क्लास काढतो.

बसवराज : चाचा, बाकड्यांचं नंतर. आधी या दस्त्याचं काय करायचं ते सांगा.

जलील : काय सांगू, कपाळ? उद्या काताचं पाणी चढवणार होतो. आता सगळीकडं रंग धरंल आन् जिथं तेल प्यालंय तिथं धरणार न्हाई. तांबड्या दस्त्यावर पिवळा पंजा.

रत्नम्मा : दिसू दे की मग. मपलाच पंजा हाय.

जलील : तुमचा पंजा, पन दुकान माझं! उदगीरच्या जलील दस्तेवाल्याकडून डागाचा माल गेला म्हनतील. बाप कबरीतून उठून येईल माझा.

बसवराज : मग रंधा मारा. वरचं दोन सूत लाकूड काढून टाका. आणि मारायचाच आहे तर एक काम करा, चाचा. मागच्या टाचेला लाकडाची पट्टी जोडून लांबी दीड इंच वाढवा. माझ्या मापाचा होईल.

रत्नम्मा : तुझ्या मापाचा कशाला?

बसवराज : काकू, आता इथंच सांगून टाकतो. गावच्या कमिटीत ठरलंय. दसऱ्याला नव्या गावाचा पहिला बार मी काढायचा.

रत्नम्मा : कुनी ठरवलं?

बसवराज : सगळ्यांनी. दगडोबा पाटील होते, नरसिंगमामा होते.

रत्नम्मा : आन् मी कुठं होते?

बसवराज : काकू, चिडू नकोस. मी नाही म्हणत, ते म्हणतात. शिलंगणाला गाव शीव ओलांडतं, सणाचा दिवस, पुढं विधवा बाई उभी करायची…

रत्नम्मा : थांब. भूकंपाच्या रातीनंतर गावात कुंकवाच्या बाया किती उरल्या ते दगडोबाला मोजायला लाव. आन् कपाळाला इभूत लावनाऱ्या लिंगायत बाईला कसला आलाय विटाळ? ह्यो कुठून शिकून आला दगडोबा? पाच वर्सं, बसवराज! पाच वर्सं मी कलेक्टर कचेरीच्या पायऱ्या झिजवल्या. ह्यो कागद आना, त्यो कागद आना. सायेब म्हनायचा, आजी, तुम्ही बंदूक घेऊन काय करनार? तवा तुझी कमिटी कुठं होती? परवाना आता माझ्या नावावर हाय. रत्नम्मा चन्नबसप्पा. वाचून बघ.

जलील : वाचायची गरज न्हाई, मी रजिस्टरला लिवून घेतलंय. चन्नबसप्पा अण्णाची बंदूक मी पोत्यात बघितली भाभी, तवा घास उतरला न्हाई मला. नळी तेवढी धड, दस्त्याचा भुगा.

रत्नम्मा : भिंतीखालून निघाली. ते आन् ती, दोघं एकाच कोपऱ्यात. ते गेले, नळी ऱ्हायली.

बसवराज : काकू, मला सगळं माहीत आहे.

रत्नम्मा : मग ह्ये बी म्हाईत असंल, बार कशाला असतोय. जलीलभाई, तुम्ही ऐका, ह्याला क्लासपुढं आठवत न्हाई. आमच्या गावात दसऱ्याला शिवेवर एकच बार निघतो. जिथवर ऐकू गेला तिथवर गाव. लांब मळ्यातली, तांड्यावरची मानसं टावेल हलवून वरडायची, "ऐकलं!" म्हंजे आम्ही तुमच्यात. आता नवं गाव बांधून दिलंय, रस्ते सरळ, घरं धड. पन दारावर निस्ते नंबर. टपालवाला इचारतो, एकशे बारा कुठं? कोन कुठल्या गल्लीतलं, कुठवर आपलं, कायबी कळत न्हाई. पाच दसरे गेले बारावाचून. मला तेवढा एक बार काढायचाय, मपल्या हातानं. बाकी मला तुझ्याकडून कायबी नको.

बसवराज : आणि मी आता कमिटीला काय सांगू?

जलील : कमिटीचं दसऱ्याला बघा, सर. आधी डागाचं बोला. रंधा मी मारणार न्हाई, आधीच सांगतो. ह्यो गालाजवळचा उंचवटा बघून राहिलाव का? भाभीच्या गालाला लावून लावून तीन येळा उतरवलाय. आता दोन सूत गेलं तर गाल खाली जाईल आन् नळीच्या टोकावरची नेमाची माशी दिसणार न्हाई. मग दस्ता तुमचा बी न्हाई, त्यांचा बी न्हाई. चुलीत घाला.

बसवराज : मग डाग काढायचा कसा? आणि चाचा, चुना तरी लावू नका हं. हळद अल्कलीत लाल होते. इंडिकेटर आहे ती.

रत्नम्मा : अय्यो! हळदीला चुना लागला की लाल होते हे तू मला शिकवनार? कुंकू मग कसं होतं रे, सर? लुगड्यावर हळद सांडली तर मी काय करते? धुते आन् उन्हात टाकते. दुपार कलायच्या आत डाग गायब. हळदीला ऊन सोसत न्हाई. आन् आता तर भादव्याचं ऊन हाय.

जलील : …भाभी.

रत्नम्मा : काय चुकलं का?

जलील : चुकलं न्हाई. पन्नास वर्सं रंग चढवून राहिलो, रंग उतरवायचं कुनी शिकवलं न्हाई मला. पन तेलाचं? ऊन लागलं की हळद उडंल आन् तेल अजून आत घुसंल. आधी तेल वर ओढायला पाहिजे. खडूची पूड थापून बांधून ठेवली तर ओढती. आता खडू कुठून आणू, शाळेला सुट्टी.

रत्नम्मा : ह्याच्या खिशात बघा.

बसवराज : काकू!

रत्नम्मा : काकू काय? घरी येतोस तवा सदरा मीच धुते ना? खिशात निस्ता खडू. पिशवीत अख्खा डबा असंल.

बसवराज : …दोन डबे आहेत. घ्या. पण माझं म्हणणं अजून तेच आहे. बार मीच काढणार.

जलील : काढा, काढा. आधी खडू काढा.

* * *

जलील : या सर, आज एकटेच? बाकडी तर परवाच टेम्पोनं गेली.

बसवराज : बाकड्यांसाठी नाही आलो. चाचा, काकूला सांगू नका मी आलो होतो म्हणून. दस्ता कुठवर आला?

जलील : हा काय. धरा हातात. आता सांगा, पंजा कुठं होता?

बसवराज : …इथं. नाही, इथं. अरे!

जलील : शोधा, शोधा. चष्मा लावून शोधा. तुमच्या खडूनं तीन दिवसांत तेल ओढलं. वरची पूड पिवळी, लाकूड कोरडं. मग चार दिवस पत्र्यावर टाकला. सकाळी एक बाजू, दुपारी दुसरी. आमची बायको कमरुन्निसा म्हनली, पापड बी इतक्या येळा पलटत न्हाईत तुम्ही. चौथ्या दिशी हळद कुठं गेली, तिलाच म्हाईत. मग कात. उकळून, गाळून, तीन हात. मग ताकात गंजके खिळे भिजवून ते पाणी फडक्यानं एकदाच, हलक्या हातानं. बाभळीला लोखंड लई लागतं, जास्ती झालं की कोळसा. ह्यो रंग बघा. पिकल्या जांभळाचा. या दुकानातून असा दस्ता माझ्या बापाच्या हातून बी गेला न्हाई, खोटं कशाला बोलू!

बसवराज : छान झालाय. खरंच छान. चाचा, मागं ती पट्टी…

जलील : न्हाई.

बसवराज : पूर्ण ऐका तरी. स्क्रूची लावा, नंतर काढता येईल. पुढच्या महिन्यात आणखी साठ बाकडी करायची आहेत मला.

जलील : साठ काय, सहाशे बाकडी दुसरीकडून करून घ्या, सर. बाकड्यावर कुनी बी बसतं. दस्ता एका मानसाचा असतो. लावा खांद्याला. लावा, बघा. हां, काय झालं?

बसवराज : अंगठा नाकाला लागतोय.

जलील : आन् बार निघाला असता तर नाक लातूरला, तुम्ही उदगीरला. बसा. आलाच हाव तर हात लावा कामाला. ह्ये जवसाचं तेल, कढवलेलं. चार थेंब घ्या. फडकं न्हाई, तळवा. तळवा गरम होईपतोर घासायचं. रोज एक हात, असे पंधरा. आज सहावा.

बसवराज : असं?

जलील : जोर लावा. फळा पुसल्यासारखं न्हाई. …हां, असं. आता बोला. बंदूक तुम्हाला आवडत न्हाई, हातात धरली तवाच कळलं. मग बाराचा हट्ट कशाला?

बसवराज : हट्ट नाही. काकूनं तो बार काढू नये, इतकंच. कमिटीला मीच सांगितलं मी काढतो म्हणून. माझ्या हातात बंदूक आली असती तर म्हणणार होतो, दारू ओली झाली, बार नाही निघत. संपलं असतं.

जलील : म्हंजे बारच नको?

बसवराज : नको. मला तो आवाज नको, चाचा. दिवाळीत फटाका वाजला तर मी क्लासमध्ये टेबल धरून उभा राहतो. पोरांना वाटतं, सर गणित आठवतायत.

जलील : त्या रातीपासून?

बसवराज : त्याच्या आधीपासून. भूकंपाच्या आधी वर्षभर आमच्याकडं जमिनीतून आवाज यायचे. धडाम्. भांडी हलायची. लोक घाबरून अंगणात झोपायला लागले. मी तेव्हा नुकता बी.एस्सी. झालेलो. गावात शिकलेला मीच. काका म्हणाले, बसवराज, तू सांग, बाहेर झोपू का घरात? मी म्हणालो, काही होत नाही काका, खुशाल घरात झोपा. मी लातूरला खोलीवर होतो म्हणून वाचलो. आणि ते… मी सांगितलं होतं तिथंच सापडले. पाच वर्षं झाली, काकूला तोंड उघडून सांगता आलं नाही.

रत्नम्मा : मग आज सांगितलंस. बरं झालं.

बसवराज : काकू! तू कधी आलीस?

रत्नम्मा : साडेअकराच्या गाडीनं. दारातच हुबी होते, म्हनलं पोरगं बोलायलंय, बोलू द्यावं. घासायचं थांबू नको, तेल वाळंल.

बसवराज : काकू, मी…

रत्नम्मा : गप. तुझ्या काकानं त्याच दिशी मला सांगितलं होतं, बसवराज असं म्हनतोय म्हनून. मी काय म्हनले असंल? म्हनले, पोराला काय कळतंय! आन् त्यांनी बी तुझं ऐकलं न्हाई. म्हैनाभर बाहेरच झोपले. त्या राती गनपती बुडवून आले, नाचून नाचून पाय दुखायले म्हनले, गार वारं सुटलं होतं, आत गेले आन् आडवे झाले. मी मागच्या अंगनात भांडी घाशीत बसले आन् मग ओसरीतच झोपले, म्हनून जित्ती हाय. तू त्यांच्या ध्यानीमनी बी नव्हतास रे. पाच वर्सं कशाला वाहिलास हे वझं? मला इचारायचं तर होतंस एकदा!

बसवराज : भीती वाटायची. तू म्हणशील, तुझ्यामुळं.

रत्नम्मा : येडा हाईस. बी.एस्सी. होऊन येडा. …रडू नको, दस्त्यावर पानी पडंल. जलीलभाई, पानी पडलेलं चालतं का?

जलील : हळदीपेक्षा बरं हाय, भाभी.

रत्नम्मा : ऐक बसवराज. मला बी तो आवाज याद हाय. गाड्यानं घर वढल्यावानी. वर्सभर जमीन बोलली आन् आम्ही निस्तं ऐकून घेतलं, उलटून एक अक्षर बोललो न्हाई. आता आमचा आवाज तिनं ऐकावा. आपली मानसं भ्याली तर भिऊ देत, पन एकदा आपल्या हातानं काढलेला आवाज ऐकला की दुसऱ्या येळी भिनार न्हाईत. म्हनून मला काढायचाय. दगडोबाला माझ्या कपाळाचं काय वाटतं, ते जाऊ दे चुलीत.

बसवराज : दगडोबांना तू काही बोलू नकोस.

रत्नम्मा : का बोलू नको? भेते का मी त्याला?

बसवराज : तू नको. मी बोलतो. कमिटीत मीच घोळ घातलाय, मीच निस्तरतो.

जलील : सर, इकडची बाजू राहिली. घासा.

* * *

(दसरा. नव्या गावाच्या पूर्वेला, शिवेवरचं आपट्याचं झाड. ऊन कललंय. पालखी येऊन थांबलीय.)

रत्नम्मा : जलीलभाई, समदं गाव आलंय वो.

जलील : गाव आलंच पाहिजे, भाभी. मी उदगीरहून दोन गाड्या बदलून आलो. कमरुन्निसा बी आली, ती बघा तिकडं बायांत. दारू मी मापून दिलीय, ठासणी बसली. गोळी न्हाई, नुसता बार. खांद्याला लावा. घट्ट.

रत्नम्मा : बसलाय. माझ्याच हाडाचा असल्यागत बसलाय. बसवराज, दगडोबा काय म्हनला रे शेवटी?

बसवराज : काय म्हणणार? मी विचारलं, पाटील, बंदुकीचा परवाना मिळवायला पाच वर्षं कचेरीत कोण उभं होतं, त्यानं हात वर करावा. कुणाचाच वर झाला नाही. नरसिंगमामा म्हणाले, मग बार तिचाच.

रत्नम्मा : तू लांब जा. पार चिंचेखाली जाऊन हुबा ऱ्हा.

बसवराज : नाही जात. इथंच थांबतो, तुझ्या डाव्या हाताला. पोरं बघतायत माझ्याकडं. क्लासची अर्धी बॅच आणलीय मी.

जलील : भाभी, गाल दस्त्याला. असा. माशी दिसून राहिली का?

रत्नम्मा : दिसतीय. तिच्यावर आभाळ दिसतंय.

जलील : श्वास सोडा. हळूच बोट दाबा. बिस्मिल्ला.

रत्नम्मा : बसवण्णा!

(बार निघतो. आपट्यावरची पाखरं उडतात.)

रत्नम्मा : निघाला का?

जलील : निघाला का म्हनून काय इचारता! औशापतोर गेला असंल! कान सुन्न झाला माझा! वा भाभी, वा! पाय हालला न्हाई तुमचा!

रत्नम्मा : मग समदे असे गप का? बसवराज, अरे बोल काही तरी. तू ठीक हाईस ना?

बसवराज : मी… हो. ठीक आहे. काकू, मी ऐकला. पूर्ण ऐकला.

रत्नम्मा : पन बाकीचे? ती मंजुश्री लेकराला धरून बसलीय खाली. भ्याली का? मी चुकले का रे?

बसवराज : थांब. थांब जरा. तिकडं बघ. ओढ्यापलीकडं, बसवंताच्या मळ्यात. टॉवेल हलतोय का?

जलील : हलून राहिला! दोघं हायत. वरडून राहिलेत.

बसवराज : "ऐकलं!" म्हणतायत. काकू, "ऐकलं!" म्हणतायत! आणि तो बघ, तांड्यावरून एक. माळावरून धनगराचं पोरगं घोंगडी हलवतंय. शिवलिंगच्या विहिरीवरनं बाया. अगं, तिथवर जुन्या गावाचा बारसुद्धा जात नव्हता!

रत्नम्मा : नीट बघ. खरंच तिथवर?

बसवराज : खरंच तिथवर. आपलं गाव तिथवर आहे, काकू!

जलील : आता आपल्या लोकांचं तोंड उघडलं बघा. ऐका, काय वरडून राहिलेत! हर हर महादेव! त्या मंजुश्रीचं लेकरू हसून राहिलं. तुमची क्लासची पोरं तर उड्याच मारून राहिलीत, सर. आन् दगडोबा पाटील आपट्याची पानं घेऊन सरळ तुमच्याकडंच येऊन राहिले, भाभी. पयलं सोनं तुम्हाला दिसतंय.

रत्नम्मा : येऊ दे. पदर नीट करू दे मला. खांदा दुखतोय, पन लई ग्वाड दुखतोय. आज ते पायजे होते रे, बसवराज. म्हनले असते, माझ्यापेक्षा तुझाच मोठा निघाला.

बसवराज : काकू, पोरं म्हणतायत आणखी एक काढा. सगळेच म्हणतायत.

रत्नम्मा : दसऱ्याला बार एकच असतो. पुढल्या वर्सी काढू म्हनावं. गाव काय आता कुठं चाललंय?